व्हरांड्यातला पृथ्वीगोल

"म्हणजे आता पाहुणे येण्याआधी कळवणार?" बशीतला चहा ओठांपर्यंत नेऊन गणिताचे सर थांबले.

"सोमवारी सकाळी फोन येईल. सोमवारी आला नाही तर तो आठवडा मोकळा," मोठ्या बाई म्हणाल्या.

"मोकळ्या आठवड्यात आम्ही करायचं काय? इतक्या वर्षांत घाबरण्याशिवाय दुसरं काही शिकलोच नाही."

शिक्षकखोलीत हशा पिकला. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. त्या हसल्या नाहीत. चष्मा वर सरकवून त्यांनी परिपत्रक पुढे वाचायला घेतलं. शाळा तपासणीची पद्धत बदलली होती. आजवर तपासनीस न सांगता येत, वर्गात मागच्या बाकावर बसत आणि जाताना अख्ख्या शाळेला एक शब्द देऊन जात: उत्तम, चांगली, बरी किंवा अपुरी. तो शब्द पाटीवर रंगवून फाटकाला लावावा लागे. आता शब्द बंद झाला होता. तपासनीस दोघे येतील, तास बघतील आणि मग शिक्षकाबरोबर बसून बोलतील. बोलताना शिक्षकाला असह्य झालं तर त्याने 'थांबा' म्हणायचं आणि तपासनिसाने थांबायचं. तपासणीपायी शिक्षक आजारी पडतात, हे वर कुणाच्या तरी लक्षात आलं होतं.

"सुंठेवाचून खोकला गेला म्हणायचा," पहिलीच्या बाई म्हणाल्या.

"अजून गेलेला नाही. शेवटचं कलम ऐका. बोलणं चालू असताना शिक्षकाने आपल्या शेजारी आपल्या पसंतीचं एक माणूस बसवून घ्यावं. सहकारी, नातेवाईक, मित्र, कुणीही. त्या माणसाने बोलायचं नाही. नुसतं सोबत बसायचं." मोठ्या बाईंनी कागद खाली ठेवला. "गुरुवारपर्यंत मला आपापली नावं सांगा. कारण फोन आजच आलाय. शुक्रवारी येतायत."

बशी टेबलावर टेकल्याचा आवाज झाला. मग पहिलीच्या आणि दुसरीच्या बाईंनी एकमेकींकडे पाहिलं आणि "तू माझी, मी तुझी" म्हणून टाळी दिली. पाचवीचे सर म्हणाले, आपण बायकोलाच आणणार; घरी ती शेजारी बसून बोलतच असते, इथे निदान बोलायला बंदी आहे. पुन्हा हशा झाला. चहा गार होण्याच्या आत बहुतेकांच्या जोड्या लागल्या होत्या.

चौथीच्या बाई मोरीपाशी उभ्या राहून कप विसळत होत्या. कप स्वच्छ होता. त्यांनी तो पुन्हा विसळला.

फाटकाच्या पाटीवर गेली काही वर्षं 'अपुरी' हा शब्द होता. तो चौथीच्या वर्गातून तिथे गेला, हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं. कुणी तसं बोलून दाखवलं नव्हतं. बोलून दाखवलं असतं, तर भांडता तरी आलं असतं.

त्यासाठी पृथ्वीगोलाची गोष्ट सांगायला हवी. कार्यालयातल्या कपाटावर एक पृथ्वीगोल होता. तपासनिसाची गाडी फाटकाशी थांबली की शिपाईमामा तो खाली काढत, पोटाशी धरत आणि व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जात. एवढंच. घाई नाही, हाक नाही, खूण नाही. प्रत्येक वर्गाच्या खिडकीतून पृथ्वी जाताना दिसे आणि आत सगळं चिडीचूप होई. फळा पुसला जाई, फळ्यावर नवी तारीख पडे, मुलं हाताची घडी घालत. शिपाई शाळेचं सामान इकडून तिकडे नेतो आहे, त्यात तपासनिसाला काय वावगं दिसणार? ही युक्ती मुळात कुणाची, हे आता कुणालाच आठवत नव्हतं. तिचा परिणाम मात्र असा झाला होता, की शाळेत पृथ्वीगोल असूनही तो शिकवायला कधीच वापरता येत नसे. भूगोलाच्या तासाला रबरी चेंडू फिरवत. मामांना मुलं पृथ्वीमामा म्हणत. पृथ्वी मामांच्या मालकीची आहे, अशी पहिलीच्या वर्गाची प्रामाणिक समजूत होती.

'अपुरी' मिळाली त्या दिवशी चौथीत पडदे ओढलेले होते. एका मुलाच्या हातात विजेरी होती. बाकांच्या मधोमध एक मुलगी चेंडू फिरवत उभी होती, बाकीची मुलं भोवती गोळा झाली होती. फिरवता फिरवता ती मुलगी थांबली आणि म्हणाली, "बाई, मग रात्र येतच नाही. रात्र तिथेच असते. आपणच रात्रीत जातो."

आणि वर्गात एकच गलका उडाला. येते, नाही येत, जातो, मग झोपल्यावर पण जातो का. व्हरांड्याकडचा पडदा पुरता ओढला जात नसे. नेमक्या त्याच वेळी त्या फटीतून बाईंना पृथ्वीगोल जाताना दिसला. मामा चालले होते. शेजारच्या वर्गाचा आवाज बंद झाला, मग त्याच्या पलीकडच्या. पडदे उघडायला आणि मुलांना जागेवर बसवायला भरपूर वेळ होता.

बाईंनी पडदे उघडले नाहीत. असलं वाक्य वर्गात रोज कुणी बोलत नाही.

जुन्या तपासनिसांनी लिहिलं: वर्गात अंधार होता, मुलं जागेवर नव्हती, आवाज फार होता. शाळेला अपुरी मिळाली. नियमाप्रमाणे पाटी शाळेनेच रंगवायची, म्हणून चित्रकलेच्या बाईंनी ती रंगवली. त्यांचं अक्षर मोत्यासारखं. इतक्या सुंदर अक्षरातली 'अपुरी' दुसऱ्या कुठल्याच शाळेला मिळाली नसेल. पुढच्या वर्षी पाटी वाचून पालकांनी मुलं दुसरीकडे घातली, पट घसरला, एक शिक्षक जास्तीचा ठरला. सगळ्यात शेवटी लागलेल्या होत्या चित्रकलेच्या बाई. नोकरी गेली ती त्यांची.

मधल्या सुट्टीत चौथीच्या बाई आणि त्या एका डब्यात जेवत असत.

तेव्हापासून चौथीत पडदे उघडे असत. दिवस आणि रात्र हा धडा बाई पुस्तकातून वाचून घेत. त्यांचा तास शाळेतला सर्वांत शांत तास झाला, आणि मोठ्या बाईंनी दोनदा तसं कौतुकही केलं. मधल्या काळात त्यांची मान दुखायला लागली. डॉक्टरांनी मान डावीकडे वळवून पाहिली, उजवीकडे वळवून पाहिली.

"तुम्ही एकाच बाजूला बघत काम करता का?"

"शिकवते मी."

"मग फळा डाव्या हाताला आहे?"

"फळा समोर आहे. डाव्या हाताला खिडकी आहे."

डॉक्टरांना यातून काही कळलं नाही. त्यांनी मलम दिलं.

मंगळवारी तिसऱ्या तासाला बाई फळ्यावर भागाकार घेत होत्या. एक मुलगी खडू घेऊन उदाहरण सोडवत होती. ती चुकली होती, पण मोठी मजेशीर चुकली होती, आणि ती कुठे चुकली ते तिचं तिला आता सापडणारच होतं. बाईंची मान सवयीने खिडकीकडे वळली. खिडकीतून पृथ्वीगोल चालला होता.

पुढचं त्यांनी केलं असं म्हणता येणार नाही. ते झालं. मुलीच्या हातातला खडू त्यांच्या हातात आला, फळा पुसला गेला, तारीख लिहिली गेली. व्हरांड्यात धावपळ ऐकू आली. मोठ्या बाई एका हातात चष्मा आणि एका हातात डब्याचं झाकण घेऊन कार्यालयातून बाहेर आल्या. गणिताच्या सरांनी चहाचा कप खिडकीतून कुंडीत ओतला. मग कुणीतरी मोठ्याने विचारलं, "अहो सर, हे काय करताय?"

पृथ्वीगोल घेऊन भूगोलाचे नवे सर उभे होते. याच वर्षी लागलेले, नुकतेच शिकून आलेले. त्यांचा चेहरा गोरामोरा झाला होता.

"सहावीला अक्षांश दाखवायचे होते," ते म्हणाले. "आता फोन करून येतात ना? मला वाटलं, हा सुटला."

आधी मोठ्या बाई हसल्या, मग सगळा व्हरांडा हसला. गणिताचे सर कुंडीतल्या रोपाची माफी मागत होते. त्यांच्या मागे दारात मामा उभे होते. ते हसत नव्हते. "उतरवताना मला सांगायचं की हो सर," ते एवढंच म्हणाले.

चौथीच्या बाई आत वळल्या. वर्ग हाताची घडी घालून बसला होता. पाठ ताठ, नजर समोर. बाईंनी त्यांना एका शब्दाने सांगितलं नव्हतं, आणि यांच्यापैकी एकाही मुलाने या वर्गात तपासनीस पाहिलेला नव्हता. ती मुलगी फळ्यापाशी तशीच उभी होती, हातात नसलेला खडू धरून.

"बाई," पहिल्या बाकावरून एक मुलगा पुटपुटला, "आता बोललं तर चालेल का?"

बुधवारी शाळा सुटल्यावर बाई मामांना शोधत कार्यालयात गेल्या. मामा कपाटाखाली लाकडाची फळी सरकवत होते. कपाट हलत होतं. फळीची पालथी बाजू वर होती, पण कडेला रंगाचा ओघळ दिसत होता. बाईंनी ती ओळखली. फाटकावरची पाटी होती.

"चांगलं सागवान आहे," मामा म्हणाले. "टाकवेना."

"मामा, शुक्रवारी तुम्ही माझ्या शेजारी बसाल का? बोलायचं काही नाही."

मामा उठून उभे राहिले. त्यांनी हात पुसले, टोपी सारखी केली. "बाई, गणिताच्या सरांनी सोमवारीच माझं नाव दिलं हो. म्हणाले, गप्प बसणारा दुसरा माणूस शाळेत नाही."

बाईंना हसू आलं. "बरोबरच आहे त्यांचं."

"दोघांना चालतं का, ते मोठ्या बाईंना विचारतो. इकडे थोडं, तिकडे थोडं."

"नको नको. सर घाबरट आहेत. त्यांना लागाल तुम्ही."

"ते मला वर्गात पण बसवून घेणार आहेत. पहिल्या बाकावर." मामा ओशाळून म्हणाले. "म्हटलं, मला भागाकार विचारला तर?"

जाता जाता बाई दारात थांबल्या. "मग एक करा. शुक्रवारी घंटेच्या आधी पृथ्वीगोल माझ्या वर्गात आणून ठेवा."

"वर्गात? आत?"

"आत."

मामांनी कपाटाच्या वर पाहिलं. एखाद्या म्हाताऱ्या माणसाला प्रवास झेपेल का, याचा विचार करतात तसं. "ठेवतो," ते म्हणाले.

घरी आल्यावर बाईंनी कुलूप काढलं, चपला ठेवल्या, दिवा लावला. दोन खोल्या होत्या. आई होती तोवर त्या लहान वाटत. टेबलावर फोन घेऊन बाई बराच वेळ बसल्या. चित्रकलेच्या बाईंशी शेवटचं बोलणं वाढदिवसाला झालं होतं, तेही कुणाच्या वाढदिवसाला ते आठवेना. पहिल्यांदा आठवड्याला फोन होत, मग महिन्याला. त्यात भांडण नव्हतं. पाणी आटतं तसं झालं होतं, कुठल्या दिवशी आटलं ते सांगता येत नाही.

फोन लगेच उचलला गेला.

"अगं, तू! थांब हं, ब्रश खाली ठेवते."

"काय रंगवतेयस?"

"पाटी. दुसरं काय? कापडाच्या दुकानाची. मालकाला आपलं नाव दुकानापेक्षा मोठं हवंय." ती हसली. हसणं तेच होतं. "शाळेची पाटी काढली म्हणे?"

"काढली. मामांनी कपाटाखाली घातलीय. कपाट हलत होतं."

"चला, माझं अक्षर कशाला तरी टेकू झालं."

मग बाईंनी शुक्रवारचं सांगितलं. सोबतीच्या माणसाचं सांगितलं. रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा आवाज फोनमधून आला आणि गेला.

"शेजारी बसायचं तर बसेन गं मी तुझ्या, कुठेही बसेन," मैत्रीण म्हणाली. "पण त्या फाटकातून आत यायचं..." ती थांबली. "पाटी काढली तरी स्क्रूची भोकं असतील ना तिथे?"

"आहेत."

"मग नको."

"बरं."

"रागावलीस?"

"नाही गं. मी विचारायलाच नको होतं."

"विचारलंस ते बरं केलंस. तुला एक सांगू? त्या दिवशी मामा गोल घेऊन गेले, तेव्हा मी रंगाच्या पेट्या भराभर आवरल्या आणि धावत तुझ्या दाराशी आले. पडदे उघड म्हणून सांगायला."

"मी पाहिलं नाही तुला."

"मी दार उघडलंच नाही. फटीतून बघत राहिले. ती मुलगी सगळ्यांना पुन्हा सांगत होती ना, रात्र तिथेच असते म्हणून. तिचं होऊ दे, मग सांगू, म्हटलं. तेवढ्यात ते बुटांचा आवाज करत आलेच. मला बाजूला व्हावं लागलं."

त्या दिवशी आपला तास एकाच मोठ्या माणसाने पाहिला आणि त्याने तीन वाक्यं लिहिली, असं बाई इतकी वर्षं धरून चालल्या होत्या.

"कधी वाटतं, दार वाजवायला हवं होतं," मैत्रीण म्हणाली. "आज माझी नोकरी असती. कधी वाटतं, बरं झालं नाही वाजवलं. दिवसावर असतं ते. चल, रंग वाळतोय."

गुरुवारी बाई मोठ्या बाईंच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

"कुणाचं नाव?"

"कुणाचं नाही."

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मी बसले असते हो. पण मुख्याध्यापकाने बसू नये असं स्पष्ट म्हटलंय. तुमच्याच भल्यासाठी."

"हो. कळतं मला."

"खुर्ची मात्र ठेवावी लागेल. कुणी असो नसो, खुर्ची ठेवायचीच, असा नियम आहे."

शुक्रवारी दोन तपासनीस आले. उंच होते ते गणिताच्या वर्गात गेले. चौथीत आले त्यांना सर्दी झाली होती. त्यांनी रुमाल नाकाशी धरून एका कागदावरून वाचलं, "तुम्ही बऱ्या आहात ना? सुरू करायचं?" बाई "हो" म्हणाल्या. तेही कागदावरून वाचल्यासारखंच वाटलं. ते मागच्या बाकावर जाऊन बसले.

टेबलावर पृथ्वीगोल होता. बाईंनी पडदे ओढले.

अंधार होताच मुलांनी हाताची घडी घातली. बाईंनी विजेरी लावली, गोल फिरवला, दिवस कुठे आहे असं विचारलं. मुलं गप्प. रात्र कुठे आहे? गप्प. पुढे येऊन कुणी फिरवतंय का? मुलं एकमेकांकडेही बघत नव्हती. ही तर बाईंचीच मेहनत होती. शाळेतला सर्वांत शांत तास. बाईंची मान डावीकडे खिडकीकडे वळू बघत होती. आपण पडदे उघडावेत आणि पुस्तक काढावं, असं त्यांच्या मनात आलं. पुस्तक टेबलावरच होतं.

"बाई, इथे बर्फ आहे का?"

भागाकार चुकलेली मुलगी होती. ती बाकावरून न उठता बोट दाखवत होती. पृथ्वीगोलाच्या कुशीत, मोठ्या समुद्राच्या मधोमध, पंज्याएवढी पांढरी जागा होती.

बाईंनी उजेड तिथे धरला. त्यांनीही ती पहिल्यांदाच पाहिली. "नाही. तिथे समुद्र आहे."

"मग निळा का नाही?"

"तिथे मामांचा हात लागतो. घेऊन जाताना धरतात ना. धरून धरून रंग गेला."

मुलगी उठून उभी राहिली. "एवढा मोठा समुद्र मामांनी हाताने पुसला?"

कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं हसलं. "मग बोटी कुठून जात असतील?" "मामांच्या बोटांमधून!" "बाई, मला बघू." "बाई, मलाही!" पहिल्या बाकावरच्या मुलाने बाईंकडे एकदा पाहिलं आणि या वेळी न विचारताच तो उठला. बाक सरकले. गोलाभोवती डोकी गोळा झाली. विजेरी कुणाच्या हातात गेली ते बाईंना कळलं नाही. कुणी म्हणालं, आपण इथे आहोत आणि आत्ता दिवस आहे. कुणी म्हणालं, मग मामांच्या समुद्रात रात्र असणार. कुणी म्हणालं, रात्र येते, कुणी म्हणालं, जाते. 'आपणच रात्रीत जातो' असं मात्र कुणी म्हणालं नाही. बाई वाट बघत राहिल्या. तास संपला.

पण आवाज भरपूर झाला.

बोलणं वाचनखोलीत होतं. जाण्याआधी बाईंनी मुलांना रात्रीचं चित्र काढायला सांगितलं आणि गोल बरोबर घेतला. तो मुलांच्या हाती सोडला असता, तर उरलेले समुद्रही गेले असते. वाचनखोलीत तीन खुर्च्या मांडल्या होत्या. टेबल एका बाजूला उतरतं होतं, म्हणून बाईंनी गोल रिकाम्या खुर्चीवर ठेवला.

तपासनिसांनी खुर्चीकडे पाहिलं. "सोबत कुणी येणार आहे?"

"नाही."

"मग हे?"

"टेबलावरून घरंगळेल, म्हणून."

तपासनिसांनी मान हलवली आणि गोलाला धक्का लागणार नाही अशा बेताने आपली खुर्ची थोडी मागे घेतली.

त्यांनी बरंच विचारलं. पडदे का ओढले, सुरुवातीला मुलं का बोलत नव्हती, नंतर का बोलली. बाईंनी जमेल तसं सांगितलं. आपल्या तासाबद्दल आपण मोठ्या माणसाशी बोलतो आहोत, हे त्यांना मधूनच जाणवे आणि वाक्य अर्धवट राही. तपासनीस थांबत. नाक पुसत. पुढे बोला म्हणत.

"एक विचारू?" ते म्हणाले. "मुलं बोलायला लागेपर्यंत तुम्ही सारख्या खिडकीकडे बघत होतात. कुणी यायचं होतं का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "आता कुणी यायचं नाहीये."

तपासनिसांनी वही मिटली. बाई बसून राहिल्या.

"झालं आपलं," ते म्हणाले.

"हो. पण मग... कसं?"

"काय कसं?"

"काही नाही. शब्द."

तपासनीस ओशाळल्यासारखे हसले. "शब्द बंद झाला, बाई. अहवाल येईल, चांगला दोन पानी. खरं सांगू? माझ्याही तोंडाशी अजून येतो. इतकी वर्षं दिले ना. आता गिळतो." मग दारापर्यंत जाऊन ते वळले. "रात्र येते की जाते, यावर पोरं भांडत होती. सोमवारी त्यांना काय सांगणार?"

"सांगणार नाही. पुन्हा भांडायला लावणार."

ते काहीतरी म्हणणार होते, पण त्यांना शिंक आली आणि ती आवरत ते पुढच्या वर्गाकडे गेले.

बाईंनी गोल उचलला. तो कपाटावर ठेवायला मामांना हाक मारावी, म्हणून त्या व्हरांड्यात आल्या. गणिताच्या वर्गात जोडतास अजून चालू होता; पहिल्या बाकावर मामांची टोपी दिसली. मुलांच्या बाकावर गुडघे मावत नसल्याने ते तिरके बसले होते, आणि फळ्याकडे इतक्या गंभीरपणे बघत होते, जणू भागाकार त्यांनाच सोडवायचा होता. हाक मारण्यात अर्थ नव्हता.

बाई निघाल्या. कार्यालय व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला होतं. दुसरीच्या खिडकीशी आल्या तसा आतला आवाज बंद झाला. काचेतून त्यांना घड्या घातलेले हात दिसले. पुढे तिसरी बंद झाली. मग सहावी, नवे सरसुद्धा बोलता बोलता थांबले. बाईंनी थांबून मान हलवली, नाही, काही नाही, पण पृथ्वी हातात असताना ते कुणाला पटेना. त्या चालत राहिल्या आणि एकेक वर्ग त्यांच्या येण्याने गप्प होत गेला. गोल वाटला होता त्यापेक्षा जड होता. त्यांनी तो पोटाशी घेतला. पांढऱ्या जागेवर हात आपसूक बसला. तिथला कागद गुळगुळीत आणि थोडा कोमट होता.

मागे, व्हरांड्याच्या त्या टोकाला, एकट्या चौथीतून आवाज येत होता.